जॅकनेप नव्हे, जॅकनेप्स!

प्रश्न असा आला आहे: ‘जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत आगाऊ पोराला जॅकनेप म्हणतात. शब्द कुठला? असे आणखी कोणते?’

आधी तो ‘स’ परत जोडा. तो अनेकवचनाचा नाही. एक असला तरी जॅकनेप्सच. हल्ली चांगले वाचणारे लोकही शेपूट छाटून ‘जॅकनेप’ म्हणतात, आणि वर शेक्सपिअरचा दाखला देतात. ‘मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये तसं आहे खरं, पण ते बोलतो कोण? डॉक्टर कायस. हा फ्रेंच माणूस नाटकभर इंग्रजीची मोडतोड करतो, म्हणून तर प्रेक्षक हसतात. त्याला प्रमाण मानायचं?

अर्थ शब्दकोशात आहेच: शिष्ट, आगाऊ, दीडशहाणा. मजा आहे ती मागच्या माकडात. पंधराव्या शतकात पाळलेल्या माकडाला ‘जॅक नेप्स’ म्हणत. माकड पळू नये म्हणून त्याला साखळी आणि लाकडी ठोकळा बांधत. आपण ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणं अडकवतो तसाच. आता नशीब बघा, सफकचा ड्यूक विल्यम द ला पोल याचं मानचिन्ह नेमकं तेच होतं: लोढणं आणि साखळी! फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत इंग्रजांच्या हातचा गेला, लोक या ड्यूकवर खवळले, आणि त्याचं नाव पडलं जॅक नेप्स. त्या काळच्या एका पद्यात सगळे सरदार आपापल्या मानचिन्हांनी येतात. त्यात हे माकड आपल्या लोढण्यानं ‘आमच्या गुणी टॅल्बट कुत्र्याला’ बांधून ठेवतं. टॅल्बट ही शिकारी कुत्र्याची जात आणि फ्रेंचांच्या ताब्यात अडकलेल्या इंग्रज सेनापतीचं आडनावही. राजानं ड्यूकला पाच वर्षांसाठी हद्दपार केलं, पण वाटेतच त्याला गाठून 2 मे 1450 रोजी त्याचं मुंडकं उडवलं. मेल्यावरही ‘जेक नेप्स’च्या आत्म्यासाठी थट्टेचं शांतिस्तोत्र रचलं गेलं.

माझं मत विचाराल तर शब्दाला ‘पायरी सोडून वागणारा’ ही छटा याच माणसानं दिली. त्याचे पणजोबा हल बंदरातले लोकरीचे व्यापारी. खानदानी सरदारांच्या डोळ्यांत हे घराणं खुपायचंच. माकडाला नुसतं माकडचाळ्यांसाठी हिणवलं असतं, तर अर्थ ‘विदूषक’ झाला असता. ‘उपटसुंभ’ कशाला होईल?

काही व्युत्पत्तिकार मात्र नेपल्सला धावतात. म्हणे ‘जॅक ऑफ नेपल्स’, इटलीहून आलेलं माकड. पुरावा काय, तर ‘फस्टियन-अ-नेप्स’ नावाचं नेपल्सचं कापड. अहो, कापडाला गावाचं नाव लागतं, पैठणीला लागलंच ना! पण 1450च्या आसपासच्या या पद्यांत सरळ ‘जॅक नेप्स’ आहे, मधला ‘अ’ किंवा ‘ऑफ’ नाहीच. ‘एप’ म्हणजे माकड, त्याचंच हॉब्ज, जेन्किन्स या इंग्रजी आडनावांसारखं ‘नेप्स’ हे खोटं आडनाव केलं, इतकं साधं आहे हे. नकाशा कशाला उघडायचा?

बाकीचे शब्द चटकन सांगतो. ‘सॉसी’ आणि ‘सॉसबॉक्स’ सॉसवरून, म्हणजे मुळात लॅटिन मिठावरून. ‘सॉसी’चा अर्थ फक्त ‘मादक’ असं समजणाऱ्यांनी कृपया जुनी पुस्तकं वाचावीत. ‘व्हिपरस्नॅपर’ बहुधा नुसताच चाबूक कडाडवणारा रिकामटेकडा, पुढे वयानं लहान आणि तोंडानं मोठा. ‘पॉपिनजे’ म्हणजे पोपट. हा अरबीतून फ्रेंचमार्गे आला. पण तो उद्धटापेक्षा नटव्या, मिरवणाऱ्या माणसाला शोभतो. मुलींच्या वाट्याला ‘मिंक्स’, जो आधी पाळीव कुत्र्यासाठी होता, आणि ‘हसी’. ही ‘हसी’ म्हणजे चक्क ‘हाउसवाइफ’चं झिजलेलं रूप. घर सांभाळणारी बाई घसरत घसरत ‘टवळी’ झाली. जॅक नेप्सची निदान ड्यूकशी गाठ पडली, हिला तेवढंही मिळालं नाही.