15 टक्के वाढ, पण हातात किती?

प्रश्न: ताई नमस्कार, मी पिंपरीत एका छोट्या कंपनीत अकाउंट्सला आहे, सव्वाचार वर्षं झाली. परवा सरांनी केबिनमध्ये बोलावलं, म्हणाले काम चोख आहे पण ओनरशिप दिसत नाही, आणि त्याच दमात सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) 6 लाखावरून 6 लाख 90 हजार करतोय म्हणाले, त्यातले 60 हजार व्हेरिएबल. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. आता खूश व्हायचं की वाईट वाटून घ्यायचं तेच कळत नाहीये. सोमवारी लेटरवर सही द्यायचीय.
— एक वाचक, पिंपरी

उत्तर: अगं थँक्यूच म्हणालीस ना, सही कुठे केलीस अजून! दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब करतेस, आता जरा स्वतःचा मांड. व्हेरिएबल बाजूला ठेव, मिळालं तर मिळालं. फिक्स उरले 6 लाख 30 हजार, म्हणजे वाढ 5 टक्केच. त्यातही बेसिक निम्मं धरलं तर बेसिकच्या 12 टक्के कंपनीचा पीएफ आणि 4.81 टक्के ग्रॅच्युइटी (5 वर्षं झाली की नोकरी सोडताना मिळते ती) सीटीसीतच धरलेली असते, वर तुझा पीएफ आणि वर्षाचा 2,500 प्रोफेशनल टॅक्स, इन्कम टॅक्स नव्या रिजीममध्ये एवढ्याला लागत नाही. मी मांडून बघितलं, आधी हातात साधारण 42,600 येत होते, आता 44,700 येतील. महिन्याला 2,100 रुपये! (पीएफ 15 हजारांवरच कापत असतील तर आकडे थोडे बदलतील.)

आता ते ओनरशिप. साहेब लोकांचा लाडका शब्द, त्यात काहीही बसतं. रुसू नकोस, सरळ विचार, सर मी कमी पडले असं एखादं काम सांगा. ते म्हणाले की 2बी (जीएसटीचं खरेदीचं स्टेटमेंट) जुळत नव्हतं ते तुला दिसलं पण तू व्हेंडरच्या मागे लागली नाहीस, तर ते सुधारता येतं, आणि एकही उदाहरण आठवलं नाही तर समजून जा. मग लगेच विचार की हे 60 हजार कशावर मिळणार, कोण ठरवणार, कधी देणार, आणि ते मेलवर घे, तोंडी आश्वासन मार्चमध्ये कुणाला आठवत नाही.

रागाच्या भरात राजीनामा मात्र नको, नऊ महिन्यांनी 5 वर्षं होतायत, नव्या बेसिकवर ग्रॅच्युइटीचे 75 हजार तरी होतात. आणि सोमवार 20 तारखेच्या आसपास येत असेल तर दोन दिवस मागून घे, 3बी, म्हणजे जीएसटीचं रिटर्न, भरायच्या गडबडीत सर काय ऐकणार तुझं.