फिजिक्स शिकलेल्या मुलीने बातमीदार व्हावं का?

डिचोलीहून एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. तिला ऊर्जा आणि हवामान बदलावर लिहिणारी पत्रकार व्हायचंय. आई विचारतात, 'शिक्षण वाया जाणार नाही ना? शाळा मराठीतून झाली, इंग्रजी बेताचं. गोव्यात या कामाला विचारतो कोण?'

ताई, सप्रेम नमस्कार.

शिक्षण वाया जाणार नाही. फिजिक्स आहे म्हणूनच मी मुलीच्या बाजूने आहे. मेगावॉट म्हणजे प्रकल्पाची क्षमता, युनिट म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज. या दोघांची गल्लत बातम्यांत फार होते. १ मेगावॉटचा सौर प्रकल्प चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला असं धरलं, तर हिशेबाने दिवसाला २४ हजार युनिट होतात. पण रात्र असते, ढग असतात. वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला साधारण ४ हजारच हाती येतात. हे ज्याला कळत नाही तो कंपनीचं पत्रक जसंच्या तसं छापतो.

गोव्यातल्या मोलेच्या जंगलाचंच बघा. गोव्याकडे स्वतःचं मोठं वीज केंद्र नाही, वीज बाहेरून येते. म्हणून कर्नाटकातून ४०० केव्हीची (किलोव्होल्ट, म्हणजे विजेचा दाब) तमनार वीजवाहिनी या जंगलातून आणायची ठरली आणि जंगल वाचवायला लोक उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने एप्रिल २०२१ च्या अहवालात काय सुचवलं? जंगलात नवा पट्टा नको, आधीच्या २२० केव्ही वाहिनीच्या पट्ट्यातून न्या. 'जुन्याच पट्ट्यातून का नाही?' हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारता येईल असा बातमीदार मला हवा आहे. 'विकास हवा की झाडं' असं भांडण लावून देणं सोपं असतं. जुन्या वाहिनीची क्षमता किती, मागणी किती वाढणार, हे कागदांतून काढणं कष्टाचं असतं.

आता इंग्रजीचं. वीज खात्याचे दरवाढीचे प्रस्ताव, पर्यावरण आघात अहवाल, बहुतेक इंग्रजीतच असतात. ते वाचता आलंच पाहिजे. रोज चार पानं शब्दकोश घेऊन वाचू दे, वर्षभरात भीड चेपेल. लिहायचं मात्र मराठीत. खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की शेतकरी काय सांगतो, मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) दुरुस्ती कुणी थकवली, हे तिच्याइतकं बाहेरच्या पत्रकाराला ऐकू येणार नाही. २३ जुलै २०२१ चा पूर तुमच्या तालुक्याने भोगलाय. त्याचं खापर लगेच हवामान बदलावर फोडायचं नाही. किती तासांत किती इंच पाऊस पडला, धरणातून पाणी कधी सोडलं, नदीकाठी कुठे भराव पडला, हे आधी तपासायचं.

पदवी पूर्ण होऊ दे. मग पत्रकारितेचा अभ्यासक्रम. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारिता शिकवतात, प्रवेशाच्या अटी तिथेच विचारा. कर्ज काढून महागड्या खासगी कोर्सला घालू नका, एवढं कळकळीने सांगते. हवामान पत्रकारितेचं खास प्रशिक्षण पुढची पायरी आहे. अर्थ जर्नलिझम नेटवर्कची अनुदानं आणि फेलोशिप, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटचे छोटे अभ्यासक्रम, अशी ठिकाणं आहेत. यांतल्या फेलोशिपसारख्या संधी बहुधा काम करत असलेल्या पत्रकारांसाठी असतात. म्हणून आधी एखाद्या दैनिकात दोन वर्षं पंचायत, पोलीस, पाऊस, सगळं करू दे. आणि फेलोशिप वा प्रकल्पाची सहल कुणाच्या पैशाने होतेय, हे दर वेळी विचारायची सवय लावून घेऊ दे.

पैशाचं खरं सांगते. सुरुवातीचा पगार कमी असेल, घरी राहूनच भागेल. पाच वर्षांत विषयावर हात बसला तर संशोधन संस्था, विज्ञान लेखन, आकडेवारीचं काम, अशी दारं उघडतात.

संयुक्त वीज नियामक आयोगाची दरांवरची जनसुनावणी गोव्यात होते. पुढच्या वेळी तिला तिथे पाठवा. तोवर घरातली बारा महिन्यांची वीजबिलं काढून द्या आणि सांगा, यावर चारशे शब्द लिही. वाचायचं तुम्ही. जिथे अडखळाल तिथे पेन्सिलीने खूण करा आणि तेवढं पुन्हा लिहायला लावा.