धाकटं आल्यावर थोरल्यांचा राग का येतो?

"मॅडम, बाळ झाल्यापासून मोठ्या मुलांचा नुसता राग राग येतो. मी वाईट आई आहे का?" हा प्रश्न इतक्या जणींनी विचारलाय की हल्ली खुर्चीत टेकताना सोडलेल्या उसाशावरूनच तो मला ओळखू येतो. (फुशारकी वाटेल, पण येतो.)

त्यातल्या एकीची गोष्ट, तपशील बदलून. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीनचा, बाळ दोन महिन्यांचं. तिसऱ्या खेपेला भरपगारी रजा 26 नाही, 12च आठवडे. बँकेत रुजू व्हायची तारीख डोक्यावर. सासूबाई, नवरा, दोघांचीही मदत होती.

"सगळ्यांना सारखंच द्यायला पाहिजे ना?"

"असं कोण म्हणतं?"

"कोणी नाही. पण आई असून..."

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीच्या वळणाची. तिचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगत, माणसाला प्रसंगापेक्षा 'असंच व्हायला पाहिजे' हा हट्ट जास्त छळतो. तो हट्ट आम्ही बऱ्याच भेटींत सैल केला. तरी गाठ सुटली भलत्याच प्रश्नाने.

"मुलीवर नेमकं कधी ओरडतेस?"

"पाजताना मांडीत घुसते तेव्हा." मग बऱ्याच वेळाने, "शनिवारी दुपारी भाऊ आजीजवळ झोपायचा आणि आम्ही दोघी एका पांघरुणात. आता तीच मला एकदम घोडी वाटते." आणि ती हमसून रडली.

मुलीला आई हवीय, हे घरात सगळ्यांना कळत होतं. आईलाही मुलगी हवी होती! थोरल्यांच्या हेव्यावर सगळे बोलतात, आईची ही चुटपुट कोणी विचारत नाही. मला ती दिसली, याचं समाधान आहे.

मग सोपं होतं. मालिशवाल्या मावशी बाळाला न्हाऊमाखू घालतात तेवढा वेळ मुलीचा, रात्री गोष्ट मुलाची. पाजताना मुलीला शेजारी टेकून बसू द्यायचं. 'आता तू मोठी झालीस' हे घरात सगळ्यांनीच बंद करायचं. पाच वर्षांची पोर कसली मोठी! आणि समान वाटपाचा हिशेब सोडायचा. आज ज्याला ताप, त्याला आई जास्त.

एक मात्र मी पहिल्याच भेटीत तपासते. बाळंतपणानंतर पहिले दोन आठवडे उगाच रडू येणं नेहमीचं. त्यापुढेही उदासी हटत नसेल, बाळ झोपूनही आपल्याला झोप लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टर गाठा. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक रात्रीही लागतो.