सार्वजनिक बागेतील श्रमदान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

सार्वजनिक बागेसाठी नागरिकांनी नेमके काय करावे, या विषयावर या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या घराजवळच्या महापालिकेच्या बागेत जुलैमध्ये तीस-पस्तीस जणांनी मिळून साठ रोपे लावली. दिवाळीनंतर श्रमदानाला पाच-सहा जणच उरले आणि आता मार्चमध्ये निम्मी रोपे वाळली आहेत. लोकांचा उत्साह टिकवावा कसा? (पुणे)

उत्तर : साठांपैकी तीस रोपे अजून जिवंत आहेत, तेव्हा आधी त्यांची व्यवस्था लावू या. आजपासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंतचे दिवस त्यांच्यासाठी सर्वांत कठीण आहेत. प्रत्येक रोपाभोवती हातभर रुंदीचे आळे करा आणि त्यात वाळलेल्या पानांचा चार बोटे जाडीचा थर पसरा. हा थर खोडाला मात्र चिकटू देऊ नका, कारण साल सतत ओली राहिली की ती कुजते. रोज तांब्याभर पाणी ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर, बादलीभर पाणी सावकाश जिरू द्यावे. वरवरच्या पाण्याने मुळे वरच्याच थरात रेंगाळतात आणि एप्रिलच्या उन्हात तोच थर सर्वांत आधी तापतो. साधारण तीन उन्हाळे अशी काळजी घेतली, तर बहुतेक देशी झाडे पुढे आपापली उभी राहतात.

उत्साह ओसरला याचा दोष मी लोकांना देणार नाही. त्यांना रोपे लावायला बोलावले होते, ती त्यांनी लावली. पाणी कोणी आणि कोणत्या दिवशी घालायचे, हे बहुधा कोणी ठरवलेच नसावे. ‘जमेल तेव्हा या’ असे सांगितले की कोणालाच जमत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. याउलट ‘रविवारी सकाळी सात ते साडेआठ, पाऊस असो वा नसो’ असे ठरले आणि सुरुवातीचे चार-सहा महिने ते कसोशीने पाळले गेले, की माणसे आपल्या आठवड्यात त्या दीड तासासाठी जागा करू लागतात. पाच-सहा जण उरले आहेत म्हणून खंत करू नका. तीस रोपे पाच जणांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सहाच येतात. ज्यांना गुडघ्यांमुळे खाली बसून खुरपणी करता येत नाही, त्यांच्याकडे नोंदवही आणि अवजारांची मोजदाद द्यावी, म्हणजे त्यांनाही केवळ पाहुणे असल्यासारखे वाटणार नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बागेतील माळी. आमच्या बागेत पहिल्या वर्षी आम्ही गाजरगवत काढायचे म्हणून एका सकाळी संपूर्ण वाफा मोठ्या हौसेने स्वच्छ केला आणि माळीकाकांनी पेरलेली झेंडूची कोवळी रोपेही उपटून टाकली, कारण लहानपणी दोन्हींची पाने दिसायला बरीच सारखी असतात. ते रागावले नाहीत. उपटलेल्या ढिगातून एक पान काढून त्यांनी ते बोटांत चुरगाळले आणि आमच्या नाकाशी धरले. झेंडूला उग्र वास येतो, गाजरगवताला तसा येत नाही. त्या दिवसापासून काम सुरू करण्याआधी आम्ही त्यांना विचारतो. कोणता पाइप गळतो, कुठे पाणी तुंबते, कोणत्या कोपऱ्यात सापाचे बीळ आहे, हे त्यांना ठाऊक असते. श्रमदान करणाऱ्यांनी त्यांच्यावर देखरेख ठेवायची नसून त्यांच्या हाताखाली काम करायचे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. गाजरगवत काढताना हातमोजे घालावेत, ते फुलावर येण्यापूर्वी आणि जमीन ओली असताना मुळासकट उपटावे, कारण त्याच्या स्पर्शाने अंगावर पुरळ उठते आणि परागकणांमुळे दम्याचा त्रास वाढू शकतो.

परवानगीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. उद्यान विभागाला पत्र देऊन लेखी संमती घ्यावी आणि तिची एक प्रत बागेतच ठेवावी, म्हणजे नवा सुरक्षारक्षक किंवा नवा ठेकेदार आला तरी दरवेळी वाद होत नाही. फांदी छाटणे मात्र कधीही स्वतःहून करू नये. महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे आणि त्यानुसार झाड तोडण्यासाठीच नव्हे, तर त्याला इजा होईल अशा कोणत्याही कामासाठी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. तुमच्या बागेत जुना वड किंवा चिंच असेल, तर तिचे वय नोंदवून घेण्याचा आग्रह जरूर धरा.

प्रश्न : आमच्या बागेत पानगळीच्या दिवसांत पाने गोळा करून कोपऱ्यात जाळली जातात. शिवाय बागेची जमीन बांधकामाच्या राडारोड्याची असल्याने तेथे काहीच नीट वाढत नाही. काही उपाय आहे का? (मुंबई उपनगर)

उत्तर : या दोन्ही तक्रारींना एकच उत्तर आहे, म्हणून ती पाने मला मौल्यवान वाटतात. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आणि त्यासाठी ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. त्याच वर्षीच्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत बागेतील पालापाचोळा वेगळा गोळा करून शक्यतो बागेतच जिरवण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. तेव्हा पाने जाळू नका असे सांगताना तुम्ही कोणावर उपकार मागत नाही. तरीही तक्रारीने सुरुवात करू नये, असे मला वाटते. पाने उचलून न्यायला गाडी वेळेवर येत नाही आणि आवार स्वच्छ दिसावे असा तगादा मात्र असतो, या कात्रीत सापडलेला कर्मचारी काडी लावतो. त्याला दुसरी वाट करून देणे आपल्या हातात आहे.

जाळीच्या तारेचे, तीन-चार फूट रुंदीचे गोल पिंजरे करून ते सावलीत, थेट मातीवर उभे करावेत. वीतभर पाने, त्यावर शेणकाल्याचा शिडकावा आणि मूठभर माती, अशा थरांनी पिंजरा भरत जावा. ओल किती असावी, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. आतली मूठभर पाने घेऊन घट्ट पिळावीत. बोटांच्या फटींतून एखादा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर पाणी जास्त झाले, आणि पाने कुरकुरली तर कमी पडले. दर पंधरा दिवसांनी ढीग वरखाली करावा. वर्षावृक्षाची बारीक पाने लवकर कुजतात. आंबा, फणस आणि वडाची चिवट पाने काठीने चुरून घालावीत, अन्यथा ती वर्षभर तशीच राहतात. चार-सहा महिन्यांत गळ्यापर्यंत भरलेला पिंजरा तळाशी येतो आणि त्यातून काळपट, पहिल्या पावसासारखा मातीचा वास येणारे खत निघते. पानांसोबत आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या मात्र आधीच निवडून काढाव्यात, हे काम लहान मुले आनंदाने करतात.

राडारोड्याच्या जमिनीत खड्डा खणून थेट झाड लावण्याची घाई करू नका. दोन-तीन वर्षे तिच्यावर असे खत आणि पाने पसरत राहा. तुमच्याच शहरात माहीम-धारावीजवळ, मिठी नदीच्या काठी, जेथे पूर्वी कचराभूमी होती त्या ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आपल्या मंडळींना एकदा तेथे घेऊन जा. पायाखाली एके काळी शहराचा कचरा होता, हे तेथील सावलीत उभे राहिल्यावर खरे वाटत नाही.

प्रश्न : बागेसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाने संस्था म्हणून नोंदणी करावी का? (नाशिक)

उत्तर : लगेच नको. खुरपी, घमेली आणि झाऱ्या आपापल्या घरून आणता येतात. वर्गणी किंवा देणगी नियमितपणे गोळा करण्याची वेळ आली, की किमान सात सदस्यांची संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतील कार्यालयात नोंदवता येते. त्यानंतर दरवर्षी हिशेब सादर करावे लागतात, हे लक्षात ठेवा. तोपर्यंत रोख रक्कम न घेता वस्तू घ्याव्यात आणि त्यांची नोंद सर्वांना दिसेल अशी ठेवावी.

प्रश्न : आमच्या गटाच्या व्हॉट्सॲपवर शुभेच्छांचे संदेश इतके येतात, की बागेच्या कामाची सूचना कोणाच्याच लक्षात राहत नाही. बागेच्या बातम्या लोकांपर्यंत कशा पोहोचवाव्यात? (ठाणे)

उत्तर : बागेच्या फाटकाजवळ एक साधा काळा फळा लावा. बागेत रोज येणारे ज्येष्ठ नागरिक, मुलांना घेऊन येणाऱ्या आया, हास्यक्लबचे सभासद आणि दुपारी सावलीला टेकणारे रिक्षावाले, यांतील फार थोडे तुमच्या व्हॉट्सॲप गटात असतील, पण फाटकातून सगळेच आत येतात. फळ्यावर उपदेश लिहू नये, घडलेली गोष्ट लिहावी. उदाहरणार्थ : ‘गेल्या रविवारी नऊ जण आले. चाफ्याजवळच्या दोन वाफ्यांतील गाजरगवत काढून झाले. मागच्या नळाची गळती कळवली आहे, दुरुस्ती बाकी आहे. येत्या रविवारी पिंजऱ्यातील खत चाळायचे आहे, घरी जुनी चाळण असल्यास आणावी.’ एवढे पुरे. जे झाले नाही तेही लिहावे, कारण त्यामुळेच लोकांचा त्या फळ्यावर विश्वास बसतो. मजकूर दर आठवड्याला बदलला नाही, तर लोक तिकडे बघणे सोडतात, म्हणून अक्षर चांगले असलेल्या एखाद्या शाळकरी मुलीकडे किंवा मुलाकडे ते काम सोपवावे.

आमच्या फळ्यावर एका फेब्रुवारीत लिहिले होते : ‘गुलमोहराच्या वाळक्या फांदीत तांबट पक्षी घरटे कोरत आहे.’ ती फांदी त्याच आठवड्यात छाटायची ठरली होती. उद्यान निरीक्षकांनी बागेत शिरताना तो फळा वाचला, फांदीखालचा बाक तेवढा दुसरीकडे हलवायला सांगितला आणि छाटणी पिल्ले उडून जाईपर्यंत पुढे ढकलली. त्यानंतरचे दोन महिने, पूर्वी कधी वर न पाहणारी माणसे त्या झाडापाशी थांबून हळू आवाजात एकमेकांना ते बोटभर रुंदीचे भोक दाखवत होती, आणि त्यांपैकी तिघे आज रविवारी सातच्या ठोक्याला खुरपे घेऊन हजर असतात.