वाचकांचे प्रश्न : डॉ. कमल रणदिवे

प्रश्न : डॉ. कमल रणदिवे यांचे पेशीविज्ञानातील योगदान नेमके कोणते?

उत्तर : पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि पुढे अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, ‘हेला’ पेशी (प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी कर्करोगपेशी) वाढवणाऱ्या जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत, शरीराबाहेर पेशी जिवंत ठेवण्याचे तंत्र आत्मसात केले. पोषकद्रव वेळच्या वेळी बदलायचे, जंतुसंसर्ग कणभरही होऊ द्यायचा नाही, असे हे चिकाटीचे काम. त्यासाठी देशातील पहिली ऊतिसंवर्धन (शरीराबाहेर पेशी व ऊती वाढवण्याची) प्रयोगशाळा त्यांनी मुंबईत उभारली. उंदरांवरील प्रयोगांतून स्तनांच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचे असलेले नाते त्यांनी तपासले, आणि माझ्या मते हेच त्यांचे सर्वांत मोलाचे काम होय. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्याही त्या संस्थापक सदस्य होत्या.