‘अमराठी’ म्हणजे कोण?

प्रिय सई,

मंडळाच्या गणपतीच्या पत्रकात ‘अमराठी मित्रमैत्रिणींनाही जरूर आणा’ असं वाचून तू विचारलंस, हे ‘अन-अमेरिकन’सारखं आहे का? शाळेत नुकताच शीतयुद्धाचा धडा झालाय, तेव्हा ही शंका यायचीच.

तसं नाही गं. इथे अमेरिकेत प्रतिनिधिगृहाने १९३८ साली ‘अन-अमेरिकन’, म्हणजे देशविरोधी मानलेल्या, कारवाया शोधायला समिती नेमली. १९४७ मध्ये तिने हॉलिवूडच्या लेखक-दिग्दर्शकांना समोर उभं केलं. उत्तरं द्यायला नकार देणारे दहाजण पुढे तुरुंगात गेले. त्या ‘अन’मध्ये आरोप आहे.

आपला ‘अ’ संस्कृतातून आलेला. व्यंजनापुढे ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’, म्हणून अयोग्य, पण अनावश्यक. अशा समासाला नञ् तत्पुरुष म्हणतात आणि जुन्या वैयाकरणांनी या नकाराचे चक्क सहा अर्थ सांगितलेत: सारखेपणा, अभाव, वेगळेपणा, कमीपणा, वाईटपणा आणि विरोध. ‘अधर्म’मधला ‘अ’ विरोधाचा. ‘अमराठी’मधला फक्त वेगळेपणाचा: मातृभाषा मराठी नाही, एवढंच. मुंबईतल्या निवडणुकीच्या भाषणांत हाच शब्द कधी कधी विरोधाच्या सुरात येतो, आणि तो मला मुळीच पटत नाही.

कारण ही भाषा अमराठी माणसांनीही मोठी केलीय. चक्रधरस्वामी गुजरातचे, पण महानुभाव पंथाचा उपदेश त्यांनी मराठीत केला. फादर स्टीफन्स इंग्रज. १५७९ मध्ये गोव्याला आले, मराठी शिकले आणि ख्रिस्ताची कथा ओवीत लिहिली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यातल्या ओव्या आजही भाषणांत हमखास ऐकू येतात. मॅक्सिन बर्नसन अमेरिकेतून येऊन फलटणला राहिल्या आणि तिथल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवलं.

‘महाराष्ट्रीय’ची गोष्ट वेगळी, तो शब्द प्रदेशावरून आला. बेळगावात किंवा तंजावरात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी कितीतरी मराठी घरं महाराष्ट्राबाहेरच आहेत. कोकणातून इस्रायलला गेलेले बेने इस्रायली ज्यू तिथे ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढत आले. म्हणून तू न्यू जर्सीत जन्मलीस, पासपोर्ट अमेरिकेचा आहे, तरी तू अमराठी होत नाहीस. आजीशी फोनवर भांडतेस ते मराठीतच ना?

तुझ्या मैत्रिणीची आई तेलुगू, म्हणजे अमराठी. पण ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ त्या न बघता म्हणतात, आणि शेवटच्या कडव्यातलं ‘लंबोदर पीतांबर’ तुझ्यापेक्षा स्पष्ट. आरती साडेसातला आहे. त्या दोघींना तूच फोन करून सांग.

तुझी,
आई