मशीनवर टिपायच्या अखंड, बिनठिगळांच्या गोधडीसाठी कोणते कापड घ्यावे?

अशा गोधडीत ठिगळांची नक्षी नसते. टाक्यांमुळे उठणारे उंचवटे आणि त्यांच्या सावल्या हेच तिचे सौंदर्य असल्याने, फिक्या एकरंगी आणि किंचित चमक असलेल्या सुती सॅटिनला मी पहिली पसंती देईन. छापील कापडात टाके हरवतात, तर पॉलिएस्टरचे सॅटिन मशीनखाली सरकते. नाशिकच्या मेन रोडवर खरेदी करताना पन्हा (कापडाची रुंदी) अवश्य विचारावा, कारण चादरीचे ९० किंवा १०८ इंची कापड मिळाल्यास मधला जोड टळतो. सुती कापड आटते, म्हणून ते आधी धुवून इस्त्री करावे (जुन्या गोधडीसारख्या सुरकुत्या आवडत असतील, तर मात्र धुऊ नये). हात नवखा असल्यास दोरा कापडाच्याच रंगाचा घ्यावा. वाकडे टाके लपतात. निफाडकडच्या थंडीसाठी लागणारी ऊब जाड कापडात नव्हे, आतल्या भरणात शोधावी.